बुधवारचा ट्रंककॉल

पहारीचा तिसरा घाव बसला आणि भिंत पोकळ वाजली. गवंडी थांबला. त्यानं मागं वळून झुनिल्दाकडं पाहिलं.

"सांगितलं होतं ना," झुनिल्दा म्हणाली. "नकाशात ही बॅटरीची खोली सात मीटरची आहे. टेप धरली तर साडेचारच भरते. उरलेली अडीच मीटर काय उंदरांनी खाल्ली?"

सान ओनोफ्रेच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं संग्रहालय करायचं नगरपालिकेनं ठरवलं होतं. इमारतीच्या इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम वाचनालयातल्या झुनिल्दा ओवेलारच्या गळ्यात पडलं होतं, कारण एकोणिसाव्या वर्षी ती इथंच ऑपरेटर म्हणून लागली होती. आता ती चोपन्नची होती. पायाभरणीच्या दिवशी पाद्रीबाबा चिखलात कसे घसरले आणि शहरातला पहिला फोन नगराध्यक्षांनी मेव्हण्याला लावला तेव्हा मेव्हणा घरीच कसा नव्हता, इथवर तिचं लिहून झालं होतं. पुस्तिका मजेची होणार, असं तिला वाटत होतं.

बाराव्या घावाला माणूस आत जाईल एवढं भगदाड पडलं. झुनिल्दानं टॉर्च आत धरला.

लोखंडी खाट. पत्र्याचा पेला. फरशीचा एक तुकडा उखडून पुन्हा कसाबसा बसवलेला, आणि त्याच्या फटीतून वर आलेलं एक हाड. भिंतीत मांडीच्या उंचीवर पितळी जॅक होता. त्यात प्लग खोचलेला. प्लगच्या वायरीला ऑपरेटरचा, बोलायच्या नळीसकटचा हेडफोन लोंबत होता.

झुनिल्दानं तो हात न लावता उलट्या बाजूनं पाहिला. मागच्या पट्टीवर खिळ्यानं कोरलेला सातचा आकडा होता. ती खाली बसली, आणि गवंड्यानं धावत जाऊन पाणी आणलं.

*

सरकारी वकील रोलोन दुपारी आले. पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात तेरेरेचा, इकडच्या थंडगार हिरव्या चहाचा थर्मास. असले तपास इथं वकिलांकडंच असतात.

"हेडफोन कुणाचा ते तुम्ही इतकं खात्रीनं कसं सांगता, बाई?"

"प्रत्येकीचा आपापला असायचा. दुसरीचा कानाला लावायचा नाही, हा नियम. खरजेच्या भीतीनं. सात नंबर सेल्साचा."

"कोण सेल्सा?"

"सेल्सा गाविलान. चोवीस वर्षांची होती. स्विचबोर्डावर माझ्या शेजारी बसायची. मला काम तिनं शिकवलं."

"नाहीशी कधी झाली?"

"शहात्तर साली, पाच एप्रिलला. सोमवार होता. पाळी संपवून निघाली ती घरी पोचलीच नाही. ब्राझीलच्या कुणा ट्रकवाल्याचा हात धरून गेली, अशी आवई उठली."

रोलोन मान हलवत लिहीत होते. शहात्तरचा तो एप्रिल त्यांना पुस्तकांतून माहीत होता. त्या महिन्यात हुकूमशहाच्या पोलिसांनी या देशात माणसं कशी नाहीशी केली हे शाळेत कुणी शिकवलं नसलं, तरी घरोघरी ठाऊक होतं.

"मग सरळच आहे. ट्रकवाला नव्हताच. तिला इथं आणलं, इथंच मारलं."

"सरळ असतं तर मी अशी बसले असते का?" झुनिल्दा म्हणाली. "चौदा एप्रिलला सेल्सानं राजधानीहून आईला फोन केला. मी सुखरूप आहे म्हणाली. तो फोन आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी होते, साहेब. पस्तीस वर्षं मीच सगळ्यांना शपथेवर सांगत आलेय."

रोलोनचं पेन थांबलं. "म्हणजे हाडं दुसऱ्याच कुणाची असतील."

"किंवा ती परत आली होती. ते मला कळत नाहीये."

"ओळख पटवायला रक्त लागेल. आईचं. आई आहे?"

"आहे," झुनिल्दा म्हणाली. "पण देणार नाही."

*

सेल्साची आई उर्सुलिनाबाई, गावच्या बोलीत न्या उर्सुलिना, एक्स्चेंजपासून दोन चौकांवर राहत. वय शहाऐंशी. त्यांच्या हातचा चिपा, तो मक्याच्या पिठाचा खरपूस कडक पाव, अजून गावात नावाजलेला होता. टेलिफोन भिंतीवर होता, आणि खुर्ची टेलिफोनखाली. महिनाअखेर तांब्याच्या तारा काढून टाकणार, अशी खात्याची चिठ्ठी आली होती. नातेवाइकांनी मोबाइल आणून दिला. त्यांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवून दिला होता.

"माझ्या पोरीला हाच नंबर पाठ आहे," त्या रोलोनना म्हणाल्या. "रक्त नाही द्यायची मी. रक्त दिलं म्हणजे ती मेली म्हटल्यासारखं. जी मेलीय तिला कुणीतरी आई असेल, तिच्याकडं जा."

"बरं, रक्त राहू द्या. तो फोन कसा आला तेवढं सांगा."

म्हातारीचा चेहरा उजळला. ही गोष्ट सांगायला तिला कधीच कंटाळा येत नसे.

"ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार. चिपा करायचा दिवस. भर दुपार, सगळं गाव वामकुक्षीला. माझी जाऊ याच खाटेवर घोरत होती. ही झुनिल्दा चिपा न्यायला आली होती आणि मी टोपलीत फडकं घालत होते. फोन वाजला. मी उचलला तर सेल्सा! 'आई, मी आहे, सुखरूप आहे, मला शोधत फिरू नकोस. मी पुन्हा फोन करीन.' मी म्हटलं, कुठं आहेस गं बाळा? तर म्हणाली राजधानीत. जाऊबाई उठेल म्हणून मी हळूच बोलत होते. मग म्हणाली, 'झुनिल्दाला सांग, लाईन एकदम स्वच्छ आहे.' एवढंच. मग बोलणं संपलं."

"लाईन स्वच्छ आहे, असं म्हणाली?"

"हो. पोरीला आपल्या धंद्याचा भारी अभिमान."

झुनिल्दा खिडकीबाहेर बघत होती. तो निरोप तिला त्याच मिनिटाला मिळाला होता. त्या दोघी पिठाच्या हातांनी एकमेकींना मिठी मारून हसल्या-रडल्या होत्या.

"त्याआधी तुम्ही तिला शोधत होतात?" रोलोननी विचारलं.

"नऊ दिवस. चौकी, तुरुंग, इस्पितळ. बिशपसाहेब रविवारी देवळात तिचं नाव घेणार होते. फोन आल्यावर मीच त्यांना नको म्हटलं. लेक सुखरूप आहे म्हणून."

*

एक्स्चेंजचे जुने तंत्रज्ञ फुल्हेन्सियोराव, गावच्या बोलीत काराई फुल्हेन्सियो, अंगणात आंब्याखाली बसलेले सापडले. ऐंशी उलटलेली, कान तिखट. जॅकचं नाव निघताच त्यांनी तेरेरेचा पेला खाली ठेवला.

"भिंत माझी नाही," ते म्हणाले. "वायर माझी."

"कुणासाठी टाकली?"

"मागच्या खोलीतल्या साहेबांसाठी. पंचाहत्तर साली राजधानीहून दोघं आले. बॅटरीच्या खोलीचा मागचा भाग फळ्यांनी वेगळा काढून त्यांना दिला, आम्हाला तिकडं जायची बंदी. त्यांना लोकांचं बोलणं ऐकायचं होतं. आमच्या मुख्य ओतिलियाबाईंनी हुकूम दिला, मी बोर्डापासून त्या खोलीपर्यंत वायर ओढली."

"फक्त ऐकायला?"

"बोर्डावर बसलेल्या बाईनं जोडून दिलं तर बोलताही येतं. गावातल्या कुठल्याही घरी."

"आणि भिंत?"

"ईस्टरच्या सोमवारी कामावर आलो तर भिंत उभी. ओला चुना. साहेब गेलेले. ओतिलियाबाई म्हणाल्या, ओल येत होती म्हणून बांधून घेतली." म्हाताऱ्यानं झुनिल्दाकडं पाहिलं. "बॅटरीच्या खोलीत ओल! मी काय दुधखुळा होतो? पण विचारायची सोय होती का, पोरी? तू विचारलंस?"

तिनंही विचारलं नव्हतं.

*

न्या ओतिलिया ब्रितेस बोर्डावरच्या मुख्य बाई होत्या. आता त्र्याहत्तर वर्षांच्या, देवळाच्या समितीच्या अध्यक्ष, केस अजूनही जाळीत घट्ट बांधलेले. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी गावात अजून सांगत. ऑपरेटरनं पाय क्रॉस करून बसायचं नाही. बोर्ड सोडला तर नोकरी गेली. आणि दोन माणसांचं बोलणं संपल्यावर "झालं का?" असं विचारल्याशिवाय प्लग ओढला तर आठवडाभर घरी बसायचं. झुनिल्दा एकदा बसली होती.

"ये झुनि, ये. अगं किती वाळलीस!" त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या. "भयंकर ऐकलं ते. बिचाऱ्या उर्सुलिनाला सांभाळायला हवं. मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जातेच तिच्याकडं."

"मागच्या खोलीत कोण बसायचं, बाई?" रोलोननी विचारलं.

"राजधानीचे साहेब. सगळ्या देशात बसायचे. मला कोण विचारतंय? मी हुकमाची ताबेदार."

"ती भिंत?"

"त्यांनीच जाताना बांधली. मी ओल म्हटलं कारण तसं म्हणायला सांगितलं होतं."

उत्तरं कशी धुवून वाळत घातल्यासारखी येत होती.

"चौदा एप्रिलच्या दुपारी सेल्साचा फोन आईला कुणी जोडून दिला?"

"ते रजिस्टरच सांगेल. बारा ते तीन वामकुक्षीची पाळी, एकच ऑपरेटर. मी तेव्हा घरी झोपलेली."

रजिस्टर रोलोननी आणलं होतंच. इतिहासाच्या कागदांत झुनिल्दानंच ते जपून ठेवलं होतं. त्यांनी पान उघडलं. चौदा एप्रिल, बारा ते तीन: झुनिल्दा ओवेलार. खाली तिचीच सही.

झुनिल्दानं सहीवर बोट ठेवलं. "पण मी तिथं नव्हते. न्या ओतिलिया, तुम्हीच आलात आणि म्हणालात, जा, उर्सुलिनाकडून गरम चिपा घेऊन ये, तोवर मी बसते."

"मी?" म्हातारी हसली. "बोर्ड सोडून जा म्हटलं मी? साहेब, गावात कुणालाही विचारा. माझ्या हाताखाली पोरी पाणी प्यायलासुद्धा उठत नसत. झुनि, तुझं वय झालं की काय गं?"

बाहेर आल्यावर रोलोननी गाडीचं दार उघडलं नाही.

"स्पष्ट बोलतो, बाई. त्या जॅकवरून बोलायचं तर बोर्डावर कुणीतरी हवं. बोर्डावर तुम्ही. सही तुमची. सेल्सा सुखरूप असल्याची साक्ष पस्तीस वर्षं देणाऱ्याही तुम्हीच."

"तुम्हाला वाटतं मी..."

"मला काही वाटत नाही. शुक्रवारपर्यंत मला काहीतरी धड द्या. नाहीतर पुढचे प्रश्न तुम्हाला विचारावे लागतील."

*

गुरुवारी सकाळी झुनिल्दा वाचनालयात बसली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं पुस्तिकेचं राहिलेलं पान लिहायला घेतलं. शाळेतल्या मुलांसाठी होतं ते: ट्रंककॉल कसा जोडत.

राजधानीची ऑपरेटर आमच्या बोर्डाला हाक देई. आमची ऑपरेटर घरी घंटी वाजवी. घरच्यानं फोन उचलला की ती म्हणे, "राजधानीहून कॉल आहे, घेता का?" घरचा म्हणे, "हो, घेते." मग ती राजधानीला कळवी, आणि शेवटी दोघांना म्हणे, "बोला." घरच्याला कधीकधी पाच मिनिटं तसंच ताटकळावं लागे. आणि मग तीनशे किलोमीटर तारेवरून येणारा आवाज तळणाच्या कढईतून आल्यासारखा चरचरत येई. लोक ओरडून बोलत. ट्रंककॉल आला की शेजारच्या चार घरांना कळे.

"हो, घेते," या शब्दांवर तिचं पेन थांबलं.

ती पुन्हा त्या स्वयंपाकघरात उभी राहिली. हातात टोपली. घंटी. न्या उर्सुलिनांनी फोन उचलला. पहिला शब्द काय म्हणाल्या त्या?

झुनिल्दा टेबलावर डोकं ठेवून रडली. वाचनालयात वर्तमानपत्र वाचणारा म्हातारा उठून बाहेर गेला. मग तिनं तोंड धुतलं आणि रोलोनना फोन केला.

*

शुक्रवारी अकराला न्या ओतिलिया केळीच्या पानात बांधलेला केक घेऊन न्या उर्सुलिनांकडं आल्या, तेव्हा खोलीत रोलोन, झुनिल्दा आणि काराई फुल्हेन्सियो बसलेले होते. दाराशी एक हवालदार उभा होता. न्या ओतिलिया क्षणभर थबकल्या, मग बसल्या.

"न्या उर्सुलिना," झुनिल्दा म्हणाली, "मी तीन गोष्टी विचारते. त्या दिवशी फोन उचलल्यावर पहिला आवाज कुणाचा आला?"

"सेल्साचा. सांगितलं की."

"त्याआधी कुणी 'राजधानीहून कॉल आहे, घेता का' असं म्हणालं?"

म्हातारी आठवत राहिली. "नाही गं. उचलला तर थेट 'आई.'"

"मलाही तेच आठवतं. तुम्ही फोन कानाला लावलात आणि लगेच म्हणालात, 'सेल्सा! बाळा!' 'हो, घेते' नाही, थांबणं नाही. साहेब, तेव्हा या गावात राजधानीचा फोन आपोआप यायची सोयच नव्हती. तसली यंत्रं आठ वर्षांनी आली. राजधानीच्या प्रत्येक कॉलच्या आधी आमच्यापैकी एकीचा आवाज यायचा. त्या कॉलच्या आधी आला नाही, कारण आमच्या बोर्डाला हाक द्यायला पलीकडं राजधानीची ऑपरेटर नव्हतीच."

न्या ओतिलियांनी केकची गाठ सोडायला घेतली.

"दुसरी गोष्ट. तुम्ही हळू का बोलत होता?"

"जाऊबाई झोपली होती म्हणून."

"राजधानीच्या लाईनवर हळू बोललेलं ऐकू आलं असतं?"

काराई फुल्हेन्सियोच उत्तरले. "राजधानीच्या लाईनवर बैल हंबरला तरी ऐकू यायचा नाही."

"पण तुमची जाऊ उठली नाही. आणि सेल्सानं सगळं ऐकलं." झुनिल्दा म्हणाली. "कारण ती तीनशे किलोमीटरवर नव्हती. ती दोन चौकांवर होती. बॅटरीच्या खोलीमागं, त्या खाटेवर, स्वतःचा हेडफोन घालून. शेजारी ते साहेब उभे असणार. काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं. पण एक वाक्य तिनं आपलं घातलं. त्यांना ते वेडगळ वाटलं असेल. 'झुनिल्दाला सांग, लाईन एकदम स्वच्छ आहे.' राजधानीची लाईन कधी स्वच्छ नसते हे बोर्डावरच्या पोरीला सांगावं लागत नाही. तो निरोप माझ्यासाठी होता. ती म्हणत होती, मी इथंच आहे."

न्या उर्सुलिनांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो पांढरा पडला.

"बोर्डावर तूच होतीस," न्या ओतिलिया शांतपणे म्हणाल्या. "सही तुझी."

"तिसरी गोष्ट." झुनिल्दानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "न्या उर्सुलिना, फोन ठेवायच्या आधी तुम्ही शेवटचं काय म्हणालात? मला ऐकू आलं होतं."

"'हो बाई, झालं.'"

"लेकीला बाई म्हणालात?"

"तिला कशाला? सेल्सा थांबली, मग बाईंनी विचारलं, 'झालं का?' मी म्हटलं, हो बाई, झालं."

"कुठल्या बाईंनी?"

म्हातारीनं आश्चर्यानं सगळ्यांकडं पाहिलं. हे काय विचारणं झालं, असं.

"या ओतिलियानं. दुसरं कोण? तिचा आवाज मी ओळखत नाही होय? मला कधी कुणी विचारलंच नाही."

केकची गाठ तशीच राहिली.

"घरी झोपलेला माणूस बोर्डावर 'झालं का' कसं विचारेल, बाई?" रोलोन म्हणाले.

"सुरुवातीचं वाक्य त्या बोलल्या नाहीत," झुनिल्दा म्हणाली, "कारण कॉल राजधानीचा नव्हता, आणि त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष सेल्साला नीट जोडून देण्यात. पण शेवटी हात प्लगकडं गेला, आणि अठरा वर्षांची सवय तोंडातून निघाली. विचारल्याशिवाय प्लग ओढणं त्यांना जमलंच नाही. मला चिपा आणायला पाठवलं त्यात दोन गोष्टी साधल्या. बोर्ड मोकळा झाला. आणि स्वयंपाकघरात साक्षीदार उभी राहिली, तीही ऑपरेटर, जिच्या शब्दावर गाव विश्वास ठेवील. मी बोर्ड सोडला हे कुठं लिहिणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. लिहिलं असतं तर नोकरी गेली असती."

न्या ओतिलियांच्या केसांच्या जाळीतून एक बट सुटली होती. ती त्यांनी आत सारली नाही.

"सेल्सानं कुणा मास्तराला फोनवर सांगितलं होतं, आज घरी जाऊ नकोस, पकडायला बसलेत," त्या म्हणाल्या. "माझ्या बोर्डावरून. ते दोघं सगळं ऐकत होते. मी सांगितलं नसतं तरी त्यांना कळलंच असतं."

"पण सांगितलंत तुम्ही," रोलोन म्हणाले.

"सांगितलं. नाहीतर सगळ्या पोरींना नेलं असतं. मलाही." त्यांनी पहिल्यांदाच न्या उर्सुलिनांकडं पाहिलं. "बिशप नाव घेणार म्हणून ते चिडले होते. म्हणाले, आईला गप्प केलं की सोडून देऊ. मला वाटलं, फोन केला की सोडतील तिला. खरंच वाटलं होतं, उर्सुलिना."

"आणि भिंत ओली बघितलीस तेव्हा?" न्या उर्सुलिनांनी विचारलं.

न्या ओतिलियांनी मांडीवरचा केक टेबलावर ठेवला.

"त्यानंतर चारशे वेळा आलीस तू माझ्याकडं. या खुर्चीवर बसलीस. आली का गं बातमी, म्हणून विचारायचीस. फोन येईल हो, म्हणायचीस."

हवालदार पुढं आला. न्या ओतिलिया उठल्या. दारापाशी गेल्यावर त्यांना मागं काहीतरी बोलायचं होतं, पण रोलोननी त्यांना थांबू दिलं नाही. काराई फुल्हेन्सियो टोपी हातात घेऊन भिंतीकडं तोंड करून उभे होते.

झुनिल्दा म्हातारीच्या पायाशी बसली. "तुम्ही मला निरोप दिलात आणि मी हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती अजून जिवंत होती."

न्या उर्सुलिना बराच वेळ तिच्या केसांकडं बघत राहिल्या. त्यांनी हात पुढं केला नाही.

"मी रोज टोपली घेऊन एक्स्चेंजच्या दारावरून जायची," त्या म्हणाल्या. "चिपा, गरम चिपा, ओरडत. तिला ऐकू येत असेल."

"येत असेल."

"तू एकोणीस वर्षांची होतीस. मला तर आवाजावरून कळायला हवं होतं. पण मला तो फोन हवा होता गं. म्हणून मी काही विचारलं नाही." त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि रोलोनना हाक मारली. "साहेब. घ्या रक्त. पोरीला त्या भोकातून बाहेर काढा."

रोलोननी बोलावलेल्या नर्सनं रक्त घेऊन सुई काढली, कापूस लावला. न्या उर्सुलिना खुर्चीचा आधार घेत उठल्या. भिंतीवरचा टेलिफोन त्यांनी उचलून कानाला लावला आणि नुसताच ऐकत राहिल्या. लाईन स्वच्छ होती.

"हो बाई, झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.